‘ते न्हाई’ म्हणजे काय, आबा?

आबा,

परवा तुमचा दहावा झाला. पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरकतोय तोवरच कावळा शिवला. एरवी अर्धा अर्धा तास ताटकळावं लागतं. मग कुणी पुढं होऊन ‘नातीचं लग्न थाटात करू’ असं कबूल करतं, कुणी ‘म्हशी विकणार नाही’ म्हणतं. तुमच्या वेळी काहीच कबूल करावं लागलं नाही. भावकीतल्या माणसांनी एकमेकांकडं बघून माना डोलवल्या. “सुटला गडी. काय बी इच्छा मागं ठिवली न्हाई.”

तुमची नसेल राहिली. माझी राहिली.

मग माइकवर भाषणं झाली. चौघं बोलले. सुनेला लेक मानणारा माणूस, तान्ह्या नातीला आईसारखं सांभाळणारा माणूस, साऱ्या श्रीगोंदा तालुक्यात असा सासरा सापडायचा नाही. सगळं खरं होतं, एका शब्दाला मी ना म्हणणार नाही. मी खाली मान घालून रडत होते. बायका पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांना वाटलं, दुःखानं रडतेय. दुःख होतंच, पण निम्म्याहून जास्त राग होता. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “लिवतीस कशाला, तोंडानं सांग की.” आणि मी तोंडानं सांगायला लागले असते, की चपला घालून बाहेर पडला असतात. पंधरा वर्षं तेच केलंत.

आधी मोज्यांचं बोलते, कारण त्याचा राग सगळ्यात ताजा आहे.

चैत्राच्या उन्हात तुम्ही नगरला माझ्याकडं आलात. पिशवीत कैऱ्या, मेथीची जुडी, कागदात गुंडाळलेली गावरान अंडी. आणि पायात माझ्या तनूचे शाळेतले जुने राखाडी मोजे. जन्मात कधी मोजे घातले नव्हते तुम्ही. मी विचारलं, “आबा, हे काय नवीन?” तुम्ही म्हणालात, “वय झालं. पायाला गारठा लागतोय.” बाहेर डांबर वितळत होतं.

बारा-तेरा वर्षं मी वॉर्डात नर्स आहे. साखरेचा त्रास असलेला पेशंट आला की पहिलं वाक्य म्हणते, पाय दाखवा. तुम्हाला म्हणाले नाही. दुपारची ड्युटी होती, रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. संध्याकाळी येऊन बघू म्हटलं. संध्याकाळी आले तर तुम्ही चारची गाडी धरून गावाला गेलेला होता. कट्ट्यावर कैऱ्या धुऊन, पुसून ठेवल्या होत्या.

मोज्यात बाभळीच्या काट्याची जखम होती. वीस दिवसांची. त्यावर हळद आणि चुना. का लपवलीत, ते मला कळतं. मी ओरडले असते. गुळाच्या चहावरून ओरडायचे तशी. ते भांडण तरी आपलं कधी संपलं? “गूळ म्हंजी साखर न्हाई, गूळ येगळा,” असं तुम्ही म्हणायचात, तेही चारी बाजूंनी ऊस असलेल्या गावात बसून. मी म्हणायचे, “आबा, दोन्ही एकाच उसाचे.” तुम्ही म्हणायचात, “एकाच आईची दोन पोरं सारखी आसत्यात का?” पण माझ्या ओरडण्याला भिऊन तुम्ही पाय लपवावा, एवढी का मी वाईट होते? आणि भीतच होता, तर नगरला आलात कशाला? दाखवायलाच आला होता ना? मी विचारीन म्हणून वाट बघितली असणार. मी ड्युटीला गेले. मग तुमचाच हट्ट उठला असणार, की न विचारता दाखवायचा नाही.

असेच होता तुम्ही. आपणहून काही सांगायचं नाही, आणि जे करायचं ते कुणाला न विचारता करायचं.

आमच्या लग्नाला तीनच वर्षं झाली होती आणि सतीश गेले, तेव्हा तनू चौदा महिन्यांची होती. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागला. आमच्या दादांनी मला पारनेरकडं माहेरी नेण्याची तयारी केली, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “न्या. चार दिस ठिवा. पाचव्या दिशी मी येतो.” मला वाटलं, रीत म्हणून बोलताय. पाचव्या दिवशी खरंच एसटीनं आलात. पाणी प्यायच्या आधी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवलात. नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सचा फॉर्म होता. तनूला लस टोचायला येणाऱ्या सिस्टरांकडून सगळी माहिती काढून, नगरला जाऊन तुम्ही तो आणला होता.

“भर.”

“मला नाही कुठं जायचं, आबा.”

“इचारत न्हाई, सांगतोय.”

दादा चिडले. म्हणाले, “अहो, हॉस्टेलात राहावं लागेल तिला. लेकराचं काय?”

“मी हाय की,” तुम्ही म्हणालात. जणू शेरडाच्या करडाबद्दल बोलणं चाललं होतं.

त्या दिवशी मला काही कळत नव्हतं. रडायचीही शुद्ध नव्हती. मी भरला तो फॉर्म. नंतर किती वेळा वाटलं, यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं, तुला काय वाटतं गं पोरी? मी हो म्हणाले असते की नाही, माहीत नाही. तुम्हीही ते माहीत करून घेतलं नाहीत.

आणि मग तुम्ही ते केलंत, ज्याबद्दल परवा माइकवर सगळे बोलले. घरात दुसरी बाई नव्हती. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तर माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीच गेलेल्या. साठी ओलांडलेला एकटा माणूस आणि चौदा महिन्यांची पोर. तिची दुपटी तुम्ही विहिरीच्या कट्ट्यावर धुवायचात. पारावरची माणसं हसायची, तेव्हा म्हणाला होता म्हणे, “हसा. तुमची बी धुतलीच आसत्याल कुनीतरी.” तिला दूध-भात भरवायला शिकलात. वेण्या घालायला शिकलात, त्या कधी सारख्या आल्या नाहीत.

दर रविवारी पहिल्या गाडीनं तिला घेऊन हॉस्टेलच्या फाटकापाशी यायचात. दोन वर्षांत किती रविवार होतात ते मला माहीत आहे. तुमचे तीनच चुकले, तेही गाड्या बंद होत्या म्हणून. तुमच्या उपरण्यात गुंडाळलेली ती, काजळ गालभर फासलेलं.

एका रविवारी मी तिला उचलून घेतलं आणि ती कळवळून रडायला लागली. तुमच्याकडं हात पसरले आणि म्हणाली, “आई. आई.” तुम्हाला.

तुमचा चेहरा उतरला. “तिला कळत न्हाई आजून,” असं पुटपुटलात आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसलात, आमच्याकडं पाठ करून. ती तुम्हाला बघणार नाही, माझ्यापाशी राहील, म्हणून. चार वाजेपर्यंत तसेच बसून होता. ऊन फिरलं तरी जागा बदलली नाहीत. उठून पाणीसुद्धा प्यायला गेला नाहीत.

आबा, त्या दिवशी मला तुमचा द्वेष वाटला. तुमच्या पाठीकडं बघून मी मनात म्हणाले, माझा नवरा गेला आणि आता या माणसानं माझं लेकरूही नेलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण आज मी त्याच वयाच्या बायकांना वॉर्डात बघते. विधवा झालेल्या, माहेरी परत गेलेल्या, भावजयांच्या हाताखाली राबणाऱ्या. मग घरी येऊन माझ्या युनिफॉर्मला इस्त्री करते. तुमचे उपकार मला कळतात. पण द्वेष वाटला होता, हेही खरंच आहे, आणि तेही तुम्हाला माहीत असायला हवं होतं.

तुम्हाला आठवतं का, मला श्रीगोंद्याच्या दवाखान्यात पहिली नोकरी लागली त्या महिन्यात तुम्ही पेशंट बनून आलात? ओपीडीच्या रांगेत केसपेपर धरून बसलेले. मी घाबरून विचारलं, “काय होतंय आबा?” तुम्ही म्हणालात, “काय न्हाई. बीपी बघ.” मी पट्टा बांधला, पंप दाबला. तुम्ही माझ्या हाताकडं बघत होता. बीपी अगदी चांगलं निघालं. उठताना शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणालात, “बरं दाबती. दुखत न्हाई.” एवढी एकच शाबासकी दिलीत तुम्ही मला आयुष्यात, तीही दुसऱ्याजवळ.

सगळं दिलंत. एक गोष्ट दिली नाहीत. सतीशचं नाव.

पंधरा वर्षांत एकदाही तुमच्या तोंडून ते नाव आलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. गुरवाच्या मुलाचं नावही सतीशच. त्याला मिशा आल्या, लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी तुमच्या तोंडी तो ‘गुरवाचं बारकं’च राहिला. फोटो मी लावला, तुम्ही लावू दिलात. पण दुसऱ्याच दिवशी खाट फिरवलीत, उशाची बाजू त्या भिंतीकडं केलीत, म्हणजे डोळे उघडले की समोर दार दिसावं. तनूला बालवाडीत घालताना फॉर्म माझ्यापुढं सरकवलात. “तूच लिव. माझं अक्षर वाईट हाय.” तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

तनू चौथीत होती तेव्हा बाईंनी दिवाळीच्या सुट्टीत वडिलांवर निबंध लिहून आणायला सांगितला. गावी आल्यावर ती तुमच्यापाशी वही घेऊन आली. “आबा, पप्पा लहानपणी कसे होते?” मी चुलीपाशी होते. हातातलं काम थांबवून ऐकत राहिले, कारण मलाही हवं होतं. तुम्ही म्हणालात, “चांगला हुता.” मग म्हणालात, “पेरू खातीस का?” आणि पेरू काढायला मळ्यात गेलात. तनूनं निबंधात लिहिलं, ‘माझे पप्पा लहानपणी चांगले होते.’ त्याखाली ओळी मोकळ्या. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली होती.

मी सतीशना तीनच वर्षं ओळखलं, आबा. एकुलता एक मुलगा तुमचा, आत्याबाई तो दहा वर्षांचा असतानाच गेल्या. त्याआधीची पंचवीस वर्षं एकट्या तुमच्या डोक्यात होती. तो कधी चालायला लागला, कशाला भ्यायचा, शाळेतून पळून यायचा की नाही, आई गेल्यावर किती दिवस बोलला नाही. हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? तुम्ही ते तनूला द्यायचं होतं. तिचं होतं ते. ते तुम्ही तसंच घेऊन गेलात, आणि लोक म्हणतात, मागं काही ठेवलं नाही. बरोबरच बोलतात.

एकदाच मी ते नाव घरात मोठ्यानं घेतलं. तनू सहा वर्षांची होती. तुम्ही कर्जतकडचा एक बिजवर शिक्षक अंगणात आणून बसवलात आणि मला म्हणालात, “चहा कर.” चहा नेऊन ठेवेपर्यंत मला कळलंच नाही, की हे मला बघायला आलेत. ते गेल्यावर मी ओरडले. “सतीशच्या घरात बसून तुम्ही माझं स्थळ ठरवता? विचारलंत मला?” तुम्ही कोपऱ्यातला विळा उचललात आणि मळ्यात गेलात. त्यानंतर दोन महिने आपण तनूच्या तोंडून बोललो. “तनू, आईला सांग, पीठ संपलं.” “तनू, आबांना सांग, आणलंय.” त्यानंतर मी नगरची नोकरी धरली, तेव्हा तुम्ही “जा” म्हणालात. बरोबर चला म्हटलं, तर म्हणालात, “त्या खुराड्यात माझा जीव न्हाई लागायचा.”

तो शिक्षक भला माणूस होता, असं नंतर कळलं. मला पश्चात्ताप नाही. पण तुमच्या मनात काय होतं? मी तनूला घेऊन गेले असते, मग तुम्ही काय केलं असतं त्या घरात? त्याचा विचार करूनच माणूस आणला होतात ना? मग मी ओरडले तेव्हा तसं सांगायचं होतं. भांडायचं होतं माझ्याशी.

आता ते लिहिते, जे तुम्ही मला कधी बोलू दिलं नाही.

त्या दुपारी आपण चौघं घरात होतो. सकाळपासून लाईट नव्हती. मी तुम्हाला ताट वाढलं, तुम्ही हात धुऊन बसलात. तेवढ्यात बल्ब लागला. लाईट आली म्हणजे मोटार चालू करायची, उसाचं पाणी खोळंबलेलं. तुम्ही उठलात. एक चप्पल पायात घातलीत. मी म्हणाले, “आबा, बसा, ताट वाढलंय. हे जातील.”

तुम्ही बसलात. हे गेले.

स्टार्टरच्या पेटीपाशी जमीन ओली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी वायरमन आला. तो कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता, “म्हाताऱ्याला माहीत होतं, पेटी आधीच दोन दिवस ठिणग्या टाकत होती, मला निरोप धाडला होता त्यांनी.” मी दाराआडून ऐकलं. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही गेला असतात तर कोरड्या काठीनं खटका दाबला असतात, नाहीतर त्यांच्याऐवजी तुम्हीच दगावला असतात. सतीशना सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि तुम्हीही मला माझं वाक्य कधी ऐकवलं नाहीत. दोघंही गप्प.

पण गप्प बसण्यात फरक असतो, आबा. मी रोज वाट बघायचे. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून तुम्ही चिडलात, की वाटायचं, आज निघणार ते. स्थळावरून भांडलो तेव्हा वाटलं, आता तर निघणारच. नाही निघालं. तुमच्या प्रत्येक चांगल्या वागण्यावर मी विचार करायचे, यांना आठवतंय का? आठवत असूनही हे माझ्यासाठी दर रविवारी बसमध्ये बसतात, की त्यांना ते वाक्य ऐकूच गेलं नव्हतं? तुम्ही एकदा शिवी दिली असतीत तरी चाललं असतं. निदान कळलं असतं, मी कुठं उभी आहे.

पायाचं विष अंगभर भिनलं आणि तुम्हाला दवाखान्यात आणलं, तेव्हा मी नऊ दिवसांची रजा काढली. नर्स म्हणून नाही, सून म्हणून खुर्चीवर बसून होते. सहाव्या दिवशी दुपारी ताप उतरला. तुम्ही नीट शुद्धीवर होता. खिडकीकडं बघत होता. मग म्हणालात, “सुनंदा, एक इचारायचं राह्यलंय.”

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. “विचारा, आबा.”

“म्हशीला पानी कोन दावतंय?”

मी सांगितलं, पारावरच्या दगडूतात्यांचा मुलगा बघतो सगळं. तुम्ही बरं म्हणालात. मी आधी हसले, मग मला रडू फुटलं, आणि त्या रडण्यातच मी बोलून टाकलं. “आबा, त्या दिवशी मी म्हणाले होते. हे जातील म्हणून. मीच तुम्हाला बसवलं.”

तुम्ही सलाईन लावलेला हात उचललात.

“ते न्हाई.”

“आबा, मला एकदा…”

“ते न्हाई, सुनंदा.”

डोळे मिटलेत. थोड्या वेळानं, मिटल्या डोळ्यांनीच, “तुझी डूटी किती वाजता?” मी रजेवर आहे हे तुम्हाला सहा दिवस माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणं बंद झालं ते कायमचंच.

‘ते न्हाई’ म्हणजे काय, आबा? ते बोलायचं नाही, असं? की ते तसं नाही, तुझ्यामुळं नाही, असं? की मी पेटीचं काढीन अशी भीती वाटली आणि मला तिथंच थांबवलंत? मी ते दोन शब्द रोज वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघते. भाकरी थापताना, रिक्षात, अंघोळीच्या वेळी. जोरात म्हटलं की दरडावल्यासारखं होतं. हळू म्हटलं की समजूत काढल्यासारखं. तुम्ही हळूही म्हणाला नव्हता आणि जोरातही नाही. दमून म्हणाला होता. दमलेल्या माणसाच्या आवाजातून काहीच कळत नाही, हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार? आणखी एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला?

दहाव्याचं जेवण उरकल्यावर मी पारावर गेले. दगडूतात्या एकटेच बसले होते. पन्नास वर्षं तुम्ही दोघं त्या पारावर बसत होता. मी त्यांना सरळ विचारलं, “तात्या, आबा तुमच्यापाशी कधी बोलले का, ह्यांच्याबद्दल?”

मला वाटलं होतं, ते हो म्हणतील. एका तरी माणसापाशी तुम्ही मन मोकळं केलं असेल, मग मी ते त्यांच्याकडून मागून घेईन. तात्यांनी तंबाखू मळायचं थांबवलं.

“न्हाई बाई. मी येकदा काढला इषय, वरीस झालं आसंल तवा. उठून गेला. चार दिस पारावर आला न्हाई. पुन्यांदा मी बी काढला न्हाई.”

“माझ्याबद्दल काही?”

“तुज्याबद्दल? तुजी डूटी कवा आसती, गाडी कवा सुटती, येवढंच बोलायचा.” मग पुन्हा तंबाखू मळत म्हणाले, “लई कोंडून घेतलं त्यानं. माजं बी चुकलं. धरून बसवाया पायजे हुतं.”

म्हणजे कुणापाशीच नाही. म्हाताऱ्या तात्यांना मी काय बोलणार? नमस्कार करून घरी आले.

तनू अंगणात बसली होती. सोळा वर्षांची झाली तुमची तनू, अकरावीत आहे. तुमचं उपरणं धुऊन वाळत घातलं होतं, ते घड्या घालून मांडीवर घेऊन बसलेली. नऊ दिवसांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. ती म्हणाली, “आई, आता पप्पांचं कोण सांगणार मला?”

मला तुमचा इतका राग आला, की तो तिथंच फुटला असता. तिच्यासमोर तुम्हाला बोल लावायचे नव्हते. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, माझ्याकडं तीन वर्षांचं आहे, तेवढं घे. मग सांगत बसले. त्यांना वरण-भातावर लोणच्याचा खार लागायचा. गाडी चालवताना शीळ घालायचे. तू झालीस तेव्हा श्रीगोंद्याहून पेढे आणायला निघाले आणि घाईत नेमके पैसेच घरी विसरले. आधी ती हसली. मग म्हणाली, “आणि ते गेले तो दिवस? तो कुणीच सांगत नाही.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मीही तेच करत होते जे तुम्ही केलंत. पेरू काढायला जायचंच बाकी होतं. मी उठले नाही. मी तिला सगळं सांगितलं. लाईट कशी आली, तुम्ही चप्पल कशी घातली, मी काय म्हणाले. वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पेटीचं नाही सांगितलं, आबा. ते तुमचं होतं, ते तुम्ही सांगायचं होतं.

तिनं उपरण्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, उठून जाईल. तुमचीच नात.

मग तिनं विचारलं, “तेव्हा मी कुठं होते?”

पंधरा वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मला त्या दुपारचं माझं वाक्य तेवढं आठवायचं. त्याच्या अलीकडं-पलीकडं मी कधी बघितलंच नव्हतं. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदा ती सगळी खोली बघितली.

“तू पप्पांच्या अंगावर झोपली होतीस,” मी म्हणाले. “खाटेवर, पालथी, त्यांच्या छातीवर. ते उठले तेव्हा तू जागी झालीस, रडायला लागलीस. माझे हात पिठाचे होते. म्हणून त्यांनी तुला आबांच्या मांडीवर दिलं आणि ते गेले.”

“मग आबांनी काय केलं?”

“एका हातानं तुला धरलं. दुसऱ्या हातानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तुला भरवायला लागले.”

तनूनं उपरण्यात तोंड घातलं आणि नऊ दिवसांचं सगळं रडून घेतलं. मी तिला हलवलं नाही.

पण आता मला झोप येत नाही, आबा. मी तिला सांगितलं ते खरं असेल ना? ते मला खरंच आठवलं, की तिला काहीतरी द्यायचं म्हणून मी ते रचलं? त्यांनी तिला तुमच्याच मांडीवर दिलं होतं का? त्या खोलीत आपण चौघं होतो. एक लगेच गेले, एक फार लहान होती, आणि आता तुम्ही गेलात. हे बरोबर की चूक, ते मी आता कुणाला विचारू?